पाखरांचे फोटो आणि त्यांची डागडुजी

पूर्वी लग्नाच्या मुलीचा फोटो म्हणजे स्टुडिओत दोन माणसांचे काम असे. एक जण मागे पडदा लावून, दिवे नीट करून फोटो घेई. दुसरा आतल्या खोलीत उजेडाकडे तोंड करून बसे आणि बारीक टोकाच्या पेन्सिलीने निगेटिव्हवर काम करी. देवीचे वण तो बुजवी, डोळ्यांखालची काळी वर्तुळे फिकी करी, गालावरचा तीळ घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे ठेवी किंवा घालवी. ह्या कामाला रिटचिंग म्हणत. त्यात कोणी फारसे फसत नसे, कारण फोटो पसंत पडला तरी पुढे मंडळी मुलगी पाहायला घरी येतच. फोटो ही नुसती तोंडओळख. खरी परीक्षा बैठकीत होई.

रानातल्या पाखराच्या फोटोचे तसे नाही. पाखरू एकदा उडाले की उडाले. तुमचा फोटो ज्याच्या हाती पडेल त्याला ते पाखरू पुन्हा समोर बसवून ताडून पाहता येत नाही. त्याच्यापुरता तो फोटो म्हणजेच पाखरू. म्हणून, श्रोतेहो, आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते एकाच गोष्टीविषयी: पाखराचा फोटो काढल्यानंतर त्यावर आपण जी डागडुजी करतो, जिला आता सर्रास एडिटिंग म्हणतात, ती कुठवर करावी आणि कुठे हात आवरावा.

हा प्रश्न आता चार शौकिनांपुरता उरलेला नाही. हिवाळ्यात भिगवणला जाऊन पाहा. उजनी धरणाच्या फुगवट्यात पहाटेच होड्या निघतात, आणि होडीगणिक चार-पाच माणसे नि तितकेच लांबलचक कॅमेरे. नांदूर मधमेश्वरला तेच, ठाण्याच्या खाडीत तेच. एकेक जण सकाळभरात शेकड्यांनी फोटो घेतो आणि रात्री संगणकापुढे बसतो. तिथे मग दोन प्रकारची माणसे भेटतात. पहिला छाती पुढे काढून सांगतो, "मी माझ्या फोटोला बोटसुद्धा लावत नाही. कॅमेऱ्यानं दिलं ते असं." दुसरा म्हणतो, "अहो, चित्र सुंदर दिसलं म्हणजे झालं. कसं केलं ते विचारू नका." माझे ह्या दोघांशीही जमत नाही. पहिल्याशी का जमत नाही ते आधी सांगतो.

कॅमेरा डोळ्यासारखा पाहत नाही. भाताच्या खाचरात उभा असलेला पांढराशुभ्र बगळा घ्या. मागे काळसर चिखल. आपल्याला बगळ्याच्या अंगावरची पिसांची घडी न् घडी दिसत असते. पण कॅमेऱ्यातला प्रकाशमापक एक ठाम समजूत धरून बसलेला असतो. ती अशी की, समोरचे दृश्य सरासरीने मधल्या करड्या रंगाचे आहे. चौकटीत काळा चिखल जास्त, म्हणून तो प्रकाश वाढवतो. चिखल करडा होतो आणि बगळा चुन्याच्या ढेकळासारखा पांढराफटक! पिसे गेली, मानेचा बाक गेला, उरला एक डाग. आता तारेवर बसलेला कोतवाल घ्या. मागे लख्ख आकाश. येथे तोच मापक प्रकाश कमी करतो आणि कोतवालाचा कोळशाचा तुकडा होतो. म्हणून जाणकार माणूस बगळ्यासाठी प्रकाश एखादी पायरी उतरवतो आणि कोतवालासाठी एक-दोन पायऱ्या चढवतो. तेव्हा "कॅमेऱ्यानं दिलं ते" म्हणजे सत्य असे समजू नका. ती यंत्राची समजूत आहे, आणि यंत्राची समजूत दुरुस्त करणे हे माणसाचेच काम आहे.

शिवाय कॅमेरा जी तयार फाईल हातात देतो, जिला जेपेग म्हणतात, ती मुळात आतल्या आत एडिट झालेलीच असते. रंग किती गडद करायचे, कडा किती धारदार करायच्या, हे कॅमेरा बनवणाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवलेले असते. ह्या फाईलमध्ये लाल, हिरवा आणि निळा अशा प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. उलट, तोच कॅमेरा 'रॉ' नावाची कच्ची फाईल देतो. ती १४ बिटांची असेल तर तिच्यात १६,३८४ पायऱ्या असतात. जेपेग म्हणजे स्टुडिओतून आलेला छापील फोटो आणि कच्ची फाईल म्हणजे निगेटिव्ह, असे समजा. काळोखात बुडालेली कोतवालाच्या पंखाखालची पिसे कच्च्या फाईलमधून पुष्कळदा वर काढता येतात. पण बगळ्याचा जो भाग पार जळून पांढरा झाला, तेथे काही नोंदलेच गेलेले नसते. तेथे कोणतीही कारागिरी चालत नाही. म्हणून रानात असतानाच पांढरे जपावे. काळ्यातले मागून काढता येते.

फिल्मच्या काळी तरी लोक काय करीत होते? अंधारखोलीत एन्लार्जरखाली कागद ठेवला की कुशल माणूस हाताचा पंजा मध्ये धरून, नाही तर तारेला चिकटवलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्याने, कुठे प्रकाश अडवी, कुठे जास्त पडू देई. अडवला तो भाग उजळ राही, जास्त पडला तो गडद होई. आज संगणकावर आपण पट्टी सरकवून करतो ते हेच. म्हणजे डागडुजी नवीन नाही, आणि ती लबाडीही नाही. प्रश्न एवढाच की ती कशासाठी करायची.

माझे उत्तर साधे आहे. यंत्राने जे हरवले ते परत आणण्यासाठी डागडुजी करावी. जे तिथे नव्हतेच ते आणण्यासाठी नाही, आणि जे होते ते घालवण्यासाठीही नाही.

आता ती करावी कशी ते पाहू. आधी पाण्याची रेघ आडवी करून घ्यावी. तळे एका बाजूला कलंडलेले असले की उत्तम फोटोही डोळ्याला खटकतो. मग चौकट छाटावी. पाखरू ज्या दिशेला पाहत असेल तिकडे थोडी मोकळी जागा ठेवावी, म्हणजे ते भिंतीकडे तोंड करून बसल्यासारखे वाटत नाही. पण छाटण्यालाही हिशोब आहे. चोवीस मेगापिक्सेलचा फोटो लांबीत निम्मा आणि रुंदीत निम्मा कापला की हातात सहाच उरतात. पाखरू दूर होते तर ते दूर होते. त्याला कापून कापून जवळ आणले की पिसांऐवजी चौकोनी ठिपके दिसू लागतात. छाटल्यानंतर उजेड नीट करावा, मग रंग. धार काढायचे काम सर्वांत शेवटी, आणि तेही पाखरापुरतेच. मागच्या धुसर हिरवळीला धार काढायला गेलात तर तिथले दाणे तेवढे उठून येतात.

ह्यात रंगाचे काम सर्वांत अवघड. का, ते खंड्यावरून समजेल. ओढ्याकाठचा छोटा खंड्या पाठीवरून कसा झगझगीत निळा दिसतो! पण त्या पिसात निळे रंगद्रव्य नसते. पिसाच्या आतली बारीक रचनाच अशी असते की ती निळा प्रकाश परतवते. म्हणून उजेडाची दिशा बदलली की तो निळा कधी हिरवटाकडे झुकतो, कधी आकाशी होतो. जांभळ्या शिंजिराचे तर विचारूच नका. उन्हात आला की जांभळा-निळा चमचमतो, फांदीच्या सावलीत गेला की साफ काळा. मग त्याचा खरा रंग कोणता? दोन्ही खरे, ज्या क्षणी जसा उजेड, त्या क्षणी तसा. सावलीत बसलेल्या शिंजिराला संगणकावर चमकवलेत तर तो रंग शिंजिराचा असेल, पण त्या सकाळचा नसेल.

ह्यावर कोणी म्हणेल, थोडा रंग वाढवला तर कोणाचे काय बिघडले? बिघडते, आणि कसे ते ठाण्याच्या खाडीतल्या रोहितांवरून पाहा. आपल्याकडे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दोन जातींचे येतात. मोठा रोहित अंगाने पांढुरका, फिकट गुलाबी. त्याची चोच गुलाबी आणि टोकाला काळी. धाकटा रोहित उंचीने कमी, अंगाने बहुधा जास्त गुलाबी, आणि त्याची चोच गडद लाल, लांबून काळीच वाटणारी. पिल्ले तर दोन्हींची मळकट करडी. हा गुलाबी रंगही जन्माचा नव्हे. खाण्यातल्या शेवाळातून आणि बारीक जीवांतून तो अंगात येतो. आता कोणी हौसेने गुलाबीची पट्टी सरकवली. मोठा रोहित धाकट्यासारखा दिसू लागला, आणि करडे पिल्लू वयात आले! चित्र पाहणारा वाहवा म्हणेल. पण खाडीत कोणत्या जातीचे किती आले, त्यांत पिल्ले किती, हे ज्याला जाणून घ्यायचे आहे त्याच्या दृष्टीने त्या फोटोची किंमत शून्य झाली. आणि बारीक वटवट्यांच्या बाबतीत तर पोटावरची पिवळट झाक आहे की मातकट, एवढ्यावरच जात ठरते. तिथे रंग किंचित उबदार केला तरी पाखराचे नाव बदलते.

ह्यावर एक उपाय आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत. रानातच खिशातल्या वहीत दोन ओळी लिहाव्यात: ऊन होते की ढग, पाखरू उन्हात होते की सावलीत, पोट कसे दिसले, पाय कोणत्या रंगाचे. रात्री संगणकावर रंग लावताना ती वही शेजारी ठेवावी. पडद्यावरचे झगझगीत रंग दहा मिनिटे पाहिले की डोळा सकाळचे विसरतो. वही विसरत नाही.

आता घालवण्याविषयी. पाखरासमोर एखादी काटकी आडवी आली तर ती पुसावी का? दिवाणखान्यात लावायच्या चित्रासाठी पुसली आणि तसे सांगितले, तर मी भांडायला येणार नाही. पण हात एकदा पुसायला शिकला की तो काटकीवर थांबत नाही, हे ध्यानात ठेवा. भिगवणला हिवाळ्यात पट्टकादंब हंस येतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले. हिमालय ओलांडून येणारी ही पाखरे. त्यांच्यातल्या एखाद्याच्या गळ्यात रंगीत पट्टा किंवा पायात कडे असते. फोटो काढणाऱ्याला ते रानटी सौंदर्यात खुपते आणि तो ते पुसून टाकतो. अहो, त्या पट्ट्यावरची अक्षरे म्हणजे त्या पाखराचा पत्ता! मंगोलियात पट्टा घातलेले हंस भारतात दिसल्याच्या नोंदी आहेत, आणि अशा नोंदी पुष्कळदा कोणा हौशी माणसाच्या फोटोतली अक्षरे वाचूनच होतात. ते अक्षर पुसणे म्हणजे आलेले पत्र न वाचता चुलीत घालणे.

संक्रांतीनंतर पायाला मांजा गुंडाळलेली घार, पाण्यात जाळ्याच्या दोऱ्यात पाय अडकलेला शेकाट्या, घरट्यात प्लॅस्टिकची पट्टी विणलेला बुलबुल, असे फोटो पुष्कळांकडे असतात, आणि पुष्कळांना तो दोरा, ती पट्टी पुसण्याचा मोह होतो. विजेच्या तारांचे तर नेहमीचेच. फोटोत तार आली की पहिली तार जाते. पण माळढोकाचा विचार करा. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर जो एके काळी दिसे, तो आज महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला आहे, आणि देशभरात थोडाच उरला आहे. माळराने गेली, शिकार झाली, ही त्याची कारणे आहेतच. पण आज जे उरलेत त्यांना मोठे भय आहे ते विजेच्या तारांचे. हे अंगाने जड पाखरू. डोळे बाजूला, त्यामुळे समोरचे त्याला कमी दिसते, आणि तार दिसली तरी ऐन वेळी वळता येत नाही. तारा जमिनीखालून न्याव्यात की कसे, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२१ साली न्यायालयाने त्यावर आदेश दिला. पुढे २०२४ साली तो बदलून हा विषय तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवला. अशा पाखराच्या फोटोतून कोणी 'विद्रूप दिसते' म्हणून तार पुसली, तर त्याने काय पुसले? पंचनाम्यातून मारेकऱ्याचे नाव पुसले.

पाखराविषयी खोटी नोंद झाली तर काय होते, ह्याचे उदाहरण आपल्या खानदेशातलेच आहे. रानपिंगळा नावाचे एक छोटे घुबड आहे. १८७२ साली एफ. आर. ब्लेविट ह्यांना ते मध्य भारतात मिळाले, आणि पुढच्या वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम ह्यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्याला ब्लेविटांचे नाव दिले. हे ह्यूम म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते ह्यूमच. १८८० नंतरच्या तीन-चार वर्षांत जेम्स डेव्हिडसन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने खानदेशात ह्या घुबडाचे काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर रानपिंगळा दिसेनासा झाला. त्यानंतरचा एकच नमुना संग्रहालयात होता. त्यावरच्या चिठ्ठीप्रमाणे तो १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळालेला, आणि मिळवणारे होते कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. पुढे डॉ. सालिम अली आणि डिलन रिप्ली ह्यांच्यासारख्या थोर माणसांनीही रानपिंगळ्याचा शोध घेतला, पण तो सापडला नाही. लोक त्याला नामशेष समजू लागले.

१९९० नंतरच्या दशकात पामेला रासमुसेन ह्या अमेरिकन पक्षितज्ज्ञ बाईंनी कर्नलसाहेबांच्या संग्रहाची कसून तपासणी केली, आणि भलतेच उघडकीला आले. साहेबांनी दुसऱ्यांनी मिळवलेले नमुने संग्रहालयातून लांबवले होते आणि त्यांच्यावर आपल्या नावाच्या, मनाला येईल त्या जागेच्या नि तारखेच्या चिठ्ठ्या बांधल्या होत्या. तो १९१४ चा रानपिंगळाही असाच. मुळात तो डेव्हिडसनचा, वीसपंचवीस वर्षांहून जुना. आधीची शिवण उसवून त्याला नवे रूप दिलेले. पाखरू खरे, चिठ्ठी खोटी! पण त्या एका खोट्या चिठ्ठीने रानपिंगळ्याचा नकाशाही चुकवला आणि काळही चुकवला.

ती चिठ्ठी बाजूला ठेवून रासमुसेनबाई, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट असे तिघे १९९७ च्या नोव्हेंबरात जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धुंडाळत निघाले. आधी पूर्वेकडची रानं पाहिली, तिथे काही नाही. मग ते खानदेशात आले. आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, शहाद्याजवळ, त्या वेळच्या धुळे जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, सकाळच्या उन्हात एका उघड्या झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. शंभराहून जास्त वर्षांनी! त्यांनी बंदूक काढली नाही, कॅमेरा काढला. फोटो आणि चलच्चित्र ह्यांच्या आधारावर जगाने मान्य केले की हे पाखरू जिवंत आहे. पुढे ते मेळघाटात आणि २०१४ साली मुंबईपासून जवळ, तानसाच्या रानातही आढळले.

पण त्या फोटोवर जगाने विश्वास का ठेवला, हे पाहण्यासारखे आहे. आपल्या गावाशिवारात जो नेहमीचा ठिपक्यांचा पिंगळा असतो, तो आणि रानपिंगळा चटकन् पाहिले तर भावंडे वाटतात. भेद बारकाव्यांत आहे. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर. रानपिंगळ्याच्या डोक्यावर जवळजवळ नाहीत. त्याची छाती तपकिरी, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा, पंखांवर नि शेपटीवर रुंद पट्टे, पायांवर दाट पांढरी पिसे. म्हणजे एका जातीचे अस्तित्व डोक्यावरच्या चार ठिपक्यांच्या असण्या-नसण्यावर ठरले.

आता हे आजच्या संगणकाशी ताडून पाहा. गेल्या काही वर्षांत असे प्रोग्रॅम निघाले आहेत की अंधारातला दाणेदार, अस्पष्ट फोटो त्यांच्या हाती दिला तर ते क्षणात लखलखीत करून देतात. पीस न् पीस मोजून घ्या! पण ही पिसे येतात कुठून? फोटोत ती नव्हती. त्या प्रोग्रॅमला असंख्य फोटो दाखवून शिकवलेले असते, आणि जिथे धुसर आहे तिथे 'बहुधा असे असेल' असा अंदाज करून तो भरतो. अंदाज बहुधा नेहमीच्या गोष्टीकडे झुकतो. नेहमीचे पाखरू शिकलेला प्रोग्रॅम संध्याकाळच्या अंधुक फोटोतल्या रानपिंगळ्याच्या डोक्यावर चार ठिपके ठेवून देणार नाही कशावरून? आणि उलट, साध्या पिंगळ्याचे ठिपके 'दाणे' समजून पुसणार नाही कशावरून? एका बाजूने नवी दुर्मिळ नोंद खोटीच उभी राहील, दुसऱ्या बाजूने खरी हातची जाईल. आणि येथे लबाडी कोणाच्या मनातही नसेल. कर्नलसाहेबांना चिठ्ठी निदान स्वतः लिहावी लागली होती; इथे ती आपोआप लिहिली जाते. म्हणून मी सांगतो, दाणे पुसणारा प्रोग्रॅम वापरा, पण बेताने. पिसांचा पोत मेणासारखा गुळगुळीत झाला, किंवा जे तुम्ही रानात पाहिलेच नाही ते पडद्यावर दिसू लागले, की थांबा. चार दाणे असलेला खरा फोटो चांगला.

जगातल्या मोठ्या छायाचित्र-संस्थांनाही हा प्रश्न पडलाच. अमेरिकेची पी.एस.ए., आंतरराष्ट्रीय महासंघ एफ.आय.ए.पी. आणि इंग्लंडची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी ह्या तिघांनी मिळून निसर्ग-छायाचित्राची एक व्याख्या केली. २०१५ पासून ती लागू आहे. उजेड-काळोख सारखा करा, चौकट छाटा, दाणे कमी करा, ह्याला ती ना म्हणत नाही. पण छाटण्याखेरीज चित्रातून काही काढणे, काही घालणे किंवा जागा बदलणे तिला मंजूर नाही. स्पर्धांतून मूळ कच्ची फाईल मागतात ती त्यासाठीच. तरीही सगळेच फाईलवरून कळते असे नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत २०१७ साली बक्षीस मिळवलेला, वारुळापाशी आलेल्या एका मुंगीखाऊ प्राण्याचा फोटो २०१८ साली बाद झाला. तज्ज्ञांच्या मते त्यातला प्राणी बहुधा पेंढा भरलेला होता. संगणकाला तिथे कोणी हातही लावला नसेल. खोटेपणा कॅमेऱ्यापुढे घडला होता.

ह्यावरून शेवटच्या मुद्द्याकडे येतो. डागडुजीची सुरुवात संगणकावर होते असे समजू नका. कित्येक जण ती रानातच करतात, कोयत्याने. पावसाळ्याच्या तोंडाला नवरंग किंवा स्वर्गीय नर्तक घरटे करतो, पानांच्या आडोशाला. फोटोला पाने आड येतात म्हणून डहाळ्या छाटल्या जातात. फोटो स्वच्छ येतो. घरटेही कावळ्याला स्वच्छ दिसते, आणि पिल्लांवर ऊन-पाऊस येतो तो वेगळाच. जुन्या लोकांनी घरट्यांचे फोटो काढले, हे खरे आहे. इंग्लंडच्या कीअर्टन बंधूंचे घरट्यांवरचे पुस्तक १८९५ सालचे. आपल्याकडे लोदर ह्यांचे भारतातल्या पक्षि-छायाचित्रणावरचे पुस्तक १९४९ सालचे. पण तेव्हाच्या काचा आणि फिल्म मंद, भिंगे आखूड. पाखरू जिथे पुन्हा पुन्हा येऊन बसेल अशी जागा म्हणजे घरटेच, आणि तिथे तंबूत तासन् तास बसण्यावाचून गत्यंतर नव्हते. आज भिंगे लांब झाली आणि कॅमेरे अंधुक उजेडातही सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो घेतात. तेव्हाची अडचण गेली. आता घरट्याजवळ जाण्याला सबब उरली नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पाखरांची अंडी नि घरटी विस्कटणे हेही शिकारीच्या व्याख्येतच येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मोबाइलवर पाखराचा आवाज लावून त्याला पुढ्यात ओढणे, किडे टाकून सवय लावणे, हीही त्याच पंगतीतली कामे. ज्या पाखराच्या रूपासाठी आपण जीव टाकतो, त्याचाच जीव त्यात जाऊ नये.

तेव्हा, श्रोतेहो, तुमच्यापैकी ज्यांना हा नाद लागलेला आहे, किंवा ज्यांच्या घरी तो लागलेला कोणी मुलगा-मुलगी आहे, त्यांना चार गोष्टी सुचवतो. कॅमेऱ्यात कच्ची फाईल ठेवायची सवय करा आणि ती कधीही पुसू नका. सुधारलेला फोटो वेगळ्या नावाने ठेवा. फोटोखाली तारीख, जागा आणि काय केले ते एका ओळीत लिहा: "उजेड वाढवला, चौकट छाटली", एवढे पुरे, काटकी काढली असेल तर तेही. घरट्याची जागा मात्र लिहू नका. ई-बर्डसारख्या ठिकाणी नोंद पाठवाल तेव्हा सजवलेला फोटो न पाठवता शक्य तितका मूळचा पाठवा. तिथले स्वयंसेवक तुमच्या नोंदीची जात तपासतात ती त्या फोटोवरून. आणि पायातले कडे, गळ्यातला पट्टा, मांजा, तार ह्यांतले काही फोटोत आले तर ते दोष समजू नका. त्याचा एक फोटो मुद्दाम जवळून, अक्षरे वाचता येतील असा घ्या.

येत्या हिवाळ्यात तलावावर जाल तेव्हा पहिली पाच मिनिटे कॅमेरा पिशवीतच राहू द्या. पाखरू नुसते डोळ्यांनी पाहा, वहीत दोन ओळी लिहा, मग फोटो घ्या. रात्री डागडुजी करताना त्या पाच मिनिटांचा तुम्हाला फार उपयोग होईल.